‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका मुलीनं पत्रातून विचारलं आहे. बी.कॉम. झाल्यावर ती नागपूरला मुलाखतीला गेली होती. समोरच्या मॅडमनी विचारलं, तुम्ही नागपूरच्या का? ही म्हणाली, ‘नो मॅडम, आय ॲम फ्रॉम आर्वी ओन्ली.’ पुढं घरचं विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘माय फादर इज अ फार्मर ओन्ली.’ त्यावर मॅडम हसून म्हणाल्या, ‘व्हाय आर यू अपॉलोजायझिंग?’ म्हणजे, यात माफी मागण्यासारखं काय आहे? मुलगी गोंधळून गेली. तिचं म्हणणं असं, ‘मी माफी मागितलीच नव्हती, सर. ओन्ली म्हणजे फक्तच ना? मग माझं चुकलं काय, आणि हा शब्द वाक्यात ठेवायचा तरी कुठं?’

बेटा, तुझं वाक्य मी मराठीत परत लिहून पाहिलं. ‘नाही मॅडम, मी आर्वीचीच आहे.’ ‘माझे बाबा शेतकरीच आहेत.’ दोन्ही वाक्यं ताठ मानेनं बोललेली आहेत, त्यात माफीचा लवलेश नाही. तुझ्या मनात ‘च’ होता. तोंडून त्याचा ‘ओन्ली’ झाला. मॅडमच्या कानात पोचेपर्यंत त्याचा ‘फक्त’ झाला होता, आणि त्यांनी ऐकलं ते असं, ‘बाबा काय, साधे शेतकरी आहेत हो, बाकी काही नाही.’ घोटाळा एवढाच आहे. पण मी दारव्हा तालुक्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि एवढ्याशा घोटाळ्यानं इतकं हसू होताना दुसऱ्या कुठल्या शब्दाचं पाहिलं नाही.

दोष तुझा नाही. गाइडात ‘ओन्ली = फक्त’ असं छापलेलं असतं आणि आम्ही मास्तर लोक ते फळ्यावर उतरवतो. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. पण पहिलीत असो की पाचवीत, हे समीकरण तसंच राहिलं. मीही पहिली दहा-बारा वर्षं तेच शिकवत होतो. डोळे उघडले ते नववीतल्या एका पोट्ट्यामुळे. वर्गाच्या खिडकीची काच फुटली होती. मी दरडावून इंग्रजीत विचारलं, ‘हू ब्रोक इट?’ शेवटच्या बाकावरून तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘आय ओन्ली, सर.’

मला वाटलं, हा सांगतोय की आपण एकट्यानंच फोडली. मी त्याला बाहेर उभं केलं. सुटीत त्याचे दोन दोस्त आले. ‘सर, गोटे तं आमी तिघांयनं मारले होते.’ मग याला विचारलं, काहून रे, एकट्यानं फोडली म्हणून काहून सांगितलं? तो म्हणाला, ‘म्या एकट्यानं फोडली असं कुठी म्हटलं, सर? म्या म्हटलं, मीच.’

आता हा ‘मीच’ नीट बघ. त्यात दुसऱ्या कुणाला वगळलेलं नाही. ‘तुम्ही शोधताय तो माणूस मी’ एवढंच त्यात आहे. इंग्रजीत याला ‘ओन्ली’ लागतच नाही. ते म्हणतात, ‘इट वॉज मी, सर.’ आपण ‘च’ लावून जे बोट रोखतो, ते काम त्यांच्याकडे ‘इट वॉज’ करतं, नाहीतर आवाजाचा दाब करतो.

‘च’ आपल्याकडे काय काय करतो ते एकदा मोजायला बस, दमून जाशील. ‘मीच गेलो’ यात तो दुसऱ्यांना वगळतोही आणि बोटही दाखवतो, दोन्ही. ‘बस आत्ताच गेली’ यात तो वेळ जवळ आणतो, तिथं इंग्रजीत ‘जस्ट’ लागतो. ‘तोच माणूस’ म्हणजे ‘द सेम मॅन’. ‘मी येतोच’ म्हणजे नक्की येतो किंवा हा बघ निघालो. ‘पाऊस नाहीच’ म्हटलं की ‘ॲट ऑल’ लागतं. ‘पाहताच’ म्हटलं की दहावीच्या पेपरातला ‘नो सूनर... दॅन’ दारात उभा. ‘असाच आलो’ याला तर धड शब्दच नाही, ‘नो रीझन’ म्हणून खांदे उडवतात. एक अक्षर, तेही शब्दाला चिकटलेलं, आणि त्यात अर्धा डझन इंग्रजी शब्दांचं काम. आपण मात्र सगळीकडे एकच ‘ओन्ली’ टेकवतो. ‘आय ॲम कमिंग ओन्ली.’ ‘ही इज लाइक दॅट ओन्ली.’ ‘टुडे ओन्ली आय केम.’

हे फक्त आपण वऱ्हाडी लोक करतो असंही समजू नको. हिंदीवाल्याचा ‘ही’ त्याच्या इंग्रजीत ‘ओन्ली’ होतो, तमिळ माणसाचा ‘तान’सुद्धा ‘ओन्ली’च होतो. भाषेचे अभ्यासक याला भारतीय इंग्रजीची खूण म्हणतात, आणि मला ते पटतं. तू बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, उभी राहून फोनवर मैत्रिणीला ‘आय ॲम ॲट बर्डी ओन्ली’ म्हटलंस तर तिला बरोबर कळतं, इथंच आहे, कुठं गेले नाही. तिथं कुणी चूक काढली तर त्याला खुशाल सोडून दे. अडतं कुठं, तर समोरचा माणूस आपल्या ‘च’च्या मुलखातला नसला, किंवा असूनही इंग्रजीच्या कानानं ऐकत असला, तिथं. मुलाखतीत तेच झालं.

इंग्रजी कान काय ऐकतो ते कळायला या शब्दाचं कूळ पाहावं लागेल. ‘ओन्ली’ हा ‘वन’चा पोर आहे. जुन्या इंग्रजीत ‘एक’ आणि ‘सारखा’ हे दोन तुकडे जोडून तो तयार झाला. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ आणि ‘वन’, अगदी एकटा. पुढं ‘वन’च्या उच्चारात ‘व’ शिरला, पण ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ यांनी जुना ‘ओ’ जपला. म्हणून तो वनली नाही आणि ऑनली तर नाहीच. ‘ओ’ जरा लांब आणि गोल, मग ‘न्ली’. एकुलत्या एका पोराला ‘ओन्ली सन’ म्हणतात ते याच कुळातून.

तर मुळात तो ‘एक’ आहे. म्हणून त्याच्या पोटात दोनच गोष्टी राहतात. एक, दुसरं कुणी किंवा दुसरं काही नाही. दोन, एवढं थोडं. ‘ओन्ली टेन रुपीज’ म्हटलं की दहाच्या वर नाही, आणि दहा म्हणजे काहीच नाही, असं दोन्ही ऐकू येतं. ‘फार्मर ओन्ली’ या तुझ्या शब्दांत मॅडमना दुसरा अर्थ ऐकू आला. तू बापाबद्दल ठासून बोललीस आणि त्यांना वाटलं तू त्याला कमी लेखलंस. आपल्याकडे हा कमी दाखवणारा ‘फक्त’ गावात ‘निस्ता’ म्हणून चालतो. ‘निस्ता भात खाल्ला’, ‘निस्ता बोलते, करत काही नाही’. ‘ओन्ली’ची खरी सोयरीक या ‘निस्ता’शी जास्त आहे, ‘च’शी कमी. गाइडात ‘ओन्ली = निस्ता’ असं छापलं असतं तर निम्मी पोरं वाचली असती.

आता दुसरा प्रश्न, ठेवायचा कुठं. मी वर्गात ग्रामपंचायतीचं उदाहरण द्यायचो. पंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागतात, हे पोरांना घरूनच ठाऊक असतं. फळ्यावर लिहायचं, ‘द सरपंच साइन्ड द चेक.’ आणि मग ‘ओन्ली’ला एक-एक घर पुढं सरकवायचं.

‘ओन्ली द सरपंच साइन्ड द चेक.’ सही सरपंचाचीच, ग्रामसेवकाची राहिली, बँक चेक परत करेल. ‘द सरपंच ओन्ली साइन्ड द चेक.’ निस्ती सही केली, रक्कम भरलीच नाही. कोरा चेक, म्हणजे गावात बोंब. ‘द सरपंच साइन्ड ओन्ली द चेक.’ चेकवर केली, ठरावावर नाही केली. ‘द सरपंच साइन्ड द चेक ओन्ली यस्टरडे.’ सही झाली ती कालच, मग महिनाभर चेक कुणाच्या खिशात होता? एवढ्यावर पोरं खिदळायची, कारण प्रत्येक गावात असा एखादा चेक असतोच. आणि ‘द ओन्ली सरपंच’ म्हटलं तर तो क्रियाविशेषण राहतच नाही, विशेषण होतो. सगळ्या सरपंचांत असा एकच. तसा असेल तर मलाही भेटव.

मराठीत ही अडचण येत नाही, कारण ‘च’ ज्याचा त्याला चिकटतो. सरपंचानंच, चेकवरच, कालच. पळायला जागा नाही. इंग्रजीचा ‘ओन्ली’ सुटा आहे, वेसण नसलेल्या गोऱ्ह्यासारखा. लिहिताना त्याला ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या अगदी आधी बांधायचा, एवढा एक नियम पाळलास तरी परीक्षेत आणि अर्जात काम भागतं.

बोलताना मात्र इंग्रज हा नियम स्वतःच पाळत नाहीत. ‘आय ओन्ली सॉ हिम यस्टरडे’ असं ते सर्रास म्हणतात. नियमानं पाहिलं तर अर्थ होईल ‘निस्तं पाहिलं, बोललो नाही’. पण ते ‘यस्टरडे’वर आवाज दाबतात आणि अर्थ होतो ‘कालच तर पाहिलं’. म्हणजे ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी ठरलेल्या जागी बसतो आणि त्याचं बोट आवाजानं वळवलं जातं. यावरून तिकडच्या व्याकरणवाल्यांत पुष्कळ भांडणं झाली. फाउलर नावाचा मोठा जाणकार होता, त्यानं 1926 सालीच सांगून टाकलं की अर्थाचा गोंधळ होत नसेल तर बोलीतली जागा खुशाल राहू द्यावी, उगाच कडक शिस्त लावू नये. मी त्याच्या बाजूचा आहे. पण गंमत बघ, त्यांचा ‘ओन्ली’ आधी येतो आणि आपला शेवटी. ‘आय सॉ हिम यस्टरडे ओन्ली.’ कारण ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो, ती सवय आपण इंग्रजीत सोबत नेतो.

कुठं आवाज उपयोगी पडत नाही, तर छापील कागदावर. तिथं जागाच सगळं सांगते. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती आणि व्याकरणाला त्यात ओढायचा माझा अजिबात विचार नाही. पण त्या वर्षी दिवाळीनंतर मी दहावीच्या वर्गात औषधाच्या रिकाम्या डब्यांवरच्या सूचना फळ्यावर लिहून घेतल्या. ‘यूज ओन्ली ऑन द रेकमेंडेड क्रॉप्स.’ शिफारस केलेल्या पिकांवरच वापरा. एका पोरीनं त्याचं मराठी केलं, ‘शिफारस केलेल्या पिकांवर फक्त वापरा.’ ‘फक्त’ एक घर सरकला आणि सूचनेचा जीवच गेला. ‘फक्त वापरा’ म्हणजे बिनधास्त वापरा, झालं. त्या दिवसापासून डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आणि ‘ओन्ली’ची जागा हे मी एकाच तासाला शिकवत आलो. लाल सगळ्यांत जहाल, हिरवा त्या मानानं सौम्य.

मग तू म्हणशील, ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’, ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’ यात तर खुद्द इंग्रजीतही तो शेवटी येतो. हो, येतो. पाटीवर आणि फॉर्मवर वाक्य नसतंच, निस्तं नाव असतं, आणि नावाला कुंपण घालायला ‘ओन्ली’ शेवटी उभा करतात. एस.टी.त ‘फक्त महिलांसाठी’ असं आपण लिहितो, तिथं आपला ‘फक्त’ आधी आणि त्यांचा ‘ओन्ली’ मागं. दोन्ही भाषांनी पाटीवर जागा अदलाबदल केली आहे.

याच कुंपणाचा सगळ्यात पक्का नमुना म्हणजे चेक. ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली.’ इथं ‘पाच हजार म्हणजे थोडे’ असं काही म्हणायचं नसतं. अक्षरी रकमेच्या पुढं कुणी ‘फाइव्ह हंड्रेड’ घुसडू नये म्हणून फाटक लावायचं असतं. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं 18 वं कलम सांगतं की आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणून फाटक अक्षरापुढं हवं. मराठीत आपण ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहितो, आणि माझे वडील ‘मात्र’ लिहायचे. सोसायटीच्या जुन्या पावत्यांवर तुला अजून ‘मात्र’ दिसेल.

या ‘मात्र’वर मी जरा थांबणार आहे, कारण मला तो फार आवडतो. ‘पाच हजार मात्र’ यात तो ‘फक्त’ आहे. आणि ‘मी येतो, मात्र उशीर होईल’ यात तो ‘पण’ आहे. एकाच शब्दात ‘एवढंच’ आणि ‘पण’ दोन्ही. ‘ओन्ली’ही नेमका असाच चालतो. ‘आय वुड कम, ओन्ली देअर इज नो बस.’ आलो असतो, पण गाडी नाही. ‘फक्त’सुद्धा बोलण्यात असा वळतो, ‘आलो असतो, फक्त गाडी नव्हती.’ हे कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. अडचण एकच आहे असं सांगायला गेलं की कुठल्याही भाषेत ‘एकच’चा ‘पण’ होऊन जातो, असं मला वाटतं. पोरांना हा ‘ओन्ली’ पेपरात भेटला की ती अडखळतात. त्यांना सांगायचं, ‘मात्र’ ठेवून बघा, बसतो.

बाकीचे प्रकार भराभर सांगतो, तुला बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर लागतील. ‘ओन्ली’ वाक्याच्या सुरुवातीला आला आणि त्याच्यामागं वेळ किंवा अट असली की पुढं ‘डिड’सारखं सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ‘ओन्ली आफ्टर द रेन डिड ही सो.’ गाइडात याचं भाषांतर ‘फक्त पावसानंतर त्याने पेरले’ असं मेलेलं असतं. जिवंत मराठी आहे, ‘पाऊस आला तेव्हा कुठं त्यानं पेरलं.’ हा ‘तेव्हा कुठं’ लक्षात ठेव, ‘ओन्ली देन’ला त्याच्याइतका चपखल जोडीदार नाही. ‘नॉट ओन्ली’ म्हणजे ‘एवढंच नाही तर’. त्यात दोन्ही भाग सारख्या जातीचे हवेत, बैलजोडीसारखे. ‘नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो सोयाबीन’ चालेल, एका बाजूला नाम आणि दुसऱ्या बाजूला क्रियापद जुंपलं की जू वाकडं. ‘इफ ओन्ली’मध्ये तर ‘फक्त’ शोधूच नको, तिथं उसासा आहे. ‘इफ ओन्ली इट हॅड रेन्ड’, पाऊस आला असता तर! आणि ‘आय वेंट टू द बँक ओन्ली टू फाइंड इट क्लोज्ड’ याचं मराठी आपल्या तोंडी रोज असतं. बँकेत गेलो, पाहतो तं काय, कुलूप!

आता तुझ्या कामाचं. तोंडून ‘ओन्ली’ निघण्याआधी मनात मराठी वाक्य म्हण आणि ‘च’ काढून त्याच्या जागी ‘फक्त’ बसवून बघ. बसला तर ‘ओन्ली’ चालतो. नाही बसला तर नाही. ‘मी आर्वीचीच आहे.’ आता म्हण, ‘मी फक्त आर्वीची आहे.’ कसंतरीच वाटतं ना? जशी काही बाकीची माणसं दोन-दोन गावांची असतात. म्हणजे इथं ‘ओन्ली’ नको, ‘नो मॅडम, आय ॲम फ्रॉम आर्वी’ म्हणून थांबायचं, आणि ‘आर्वी’वर आवाज द्यायचा. ‘बाबा शेतकरीच आहेत.’ ‘बाबा फक्त शेतकरी आहेत.’ बघ, हेच मॅडमनी ऐकलं. ‘माय फादर इज अ फार्मर, वी ग्रो कॉटन अँड सोयाबीन’ असं म्हणालीस तर पुढचा प्रश्न कपाशीवर येईल, आणि त्यात तू मॅडमपेक्षा हुशार आहेस. ‘बस आत्ताच गेली’, इथं ‘फक्त आत्ता गेली’ होत नाही, म्हणून ‘जस्ट’. ‘दोनच मुली आल्या’, ‘फक्त दोन मुली आल्या’, बसला, म्हणून ‘ओन्ली टू गर्ल्स केम’. ही कसोटी शंभरात नव्वद वेळा लागू पडते, उरलेल्या दहा वेळांना कुणी हसत नाही.

पत्रात शेवटी तू लिहिलं आहेस, ‘सर, आमची जमीन पाचच एकर आहे, हे इंग्रजीत कसं सांगू?’ इथं ‘फक्त पाच एकर’ चपखल बसतं, म्हणून ‘वी हॅव ओन्ली फाइव्ह एकर्स’ व्याकरणानं पूर्ण बरोबर आहे, कुणी बोट ठेवणार नाही. मला विचारशील तर मी मुलाखतीत ‘वी हॅव फाइव्ह एकर्स’ म्हटलं असतं.